न दुखणारं दुखणं : शुगर, बीपी, वय आणि आपली किडनी

रेडिओवर आम्ही किडनीबद्दल बोललो, तेव्हा बऱ्याच जणींनी निरोप धाडले. कुणी भाकरी थापता थापता अर्धंच ऐकलं, कुणाची वेळेला लाइट गेली. म्हणून ते सगळं इथं लिहून देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं. मध्ये थांबून बोललात तरी चालेल. पण शेवटी सांगितलेलं काम तेवढं करा.

आत्यांची शुगर 'गेली'

सुरुवात आमच्याच गटातल्या एका घरापासून करतो. ताईंच्या सासूबाई, म्हणजे आत्या, अडुसष्ट वर्षांच्या. बारा-तेरा वर्षांपासून शुगर. सकाळ-संध्याकाळ गोळी चालू. सोबत गुडघेदुखी, त्यासाठी दुकानातून आणलेली गोळी वेगळी.

मागच्या वर्षी काय झालं, आत्यांची शुगर कमी येऊ लागली. नेहमीच्याच गोळीनं घाम फुटायचा, डोळ्यांपुढं अंधारी यायची. गोळी अर्धी केली, तरी तेच. मग बंदच केली, तरी शुगर वाढली नाही. त्याच सुमारास आत्या कुणीतरी सांगितलेला काढा घेत होत्या. घरात सगळ्यांना वाटलं, काढ्याचा गुण आला. आत्यांनी गल्लीत पेढे वाटले. चार बायका काढ्याची बाटली बघायला येऊन गेल्या.

पुढं दोन महिन्यांत आत्यांना जेवण जाईना. तोंडाला चव नाही, सकाळी उठलं की मळमळ, अंगाला खाज. पायावर सूज, बोटानं दाबलं की खड्डा पडायचा. रक्त तपासलं, तर क्रिएटिनीन ५.८. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या मिळून शंभरातलं सात-आठ एवढंच काम उरलं आहे.

मग शुगर कशी उतरली? मैत्रिणींनो, हे नीट समजून घ्या. आपल्या अंगातलं इन्सुलिन आणि शुगरच्या काही गोळ्या काम झालं की अंगाबाहेर टाकायचं बरंचसं काम किडनी करते. किडनी थकली की ते सगळं अंगातच साठून राहतं आणि शुगर खाली खाली जाते. आत्यांची शुगर बरी झाली नव्हती. किडनी हात टेकत होती. आम्ही मात्र पेढे खाल्ले.

आणि या सगळ्या काळात आत्यांची कंबर किंवा पोट एकदाही दुखलं नाही. आज सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे. हे न दुखणारं दुखणं आहे. ते दुखून कळत नाही, तपासूनच कळतं.

किडनी करते तरी काय

किडनी म्हणजे मूत्रपिंड. आपल्या मुठीएवढी, घेवड्याच्या बीच्या आकाराची. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला एक-एक. दोन्ही मिळून पाव किलोपेक्षा थोडं जास्त वजन. एकेका किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. चहाच्या गाळणीत कशी चहापत्ती वर राहते आणि चहा खाली येतो, तसं रक्त या गाळण्यांतून सतत गाळलं जातं. दिवसभरात जवळजवळ १८० लिटर पाणी या गाळण्यांतून जातं. म्हणजे घागरीमागून घागरी. त्यातलं कामाचं सगळं किडनी परत रक्तात ओढून घेते आणि दीड-दोन लिटर घाण पाणी तेवढं बाहेर टाकते. तीच लघवी.

पण घाण काढणं एवढंच तिचं काम नाही. अंगात पाणी किती, मीठ किती, याचा हिशेब तीच ठेवते. बीपी ताब्यात ठेवायला मदत करते. रक्त तयार करा, असा सांगावा हाडातल्या मगजाला तीच धाडते. हाडं बळकट राहायला 'ड' जीवनसत्त्व लागतं, ते कामाला लावते तीही हीच. म्हणून किडनी थकली की बाई पांढरी पडते, दम लागतो, हाडं दुखतात. आणि आपण म्हणतो, 'अशक्तपणा आलाय, टॉनिक घे.' लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त भरत नसेल, आणि घरात शुगर-बीपी असेल, तर किडनीचा संशय घ्यायला हवा.

या गाळण्यांचं एक वाईट आहे. एकदा बंद पडलेली गाळणी परत नवी होत नाही. उरलेल्या गाळण्या तिचं काम वाटून घेतात. घरात एक सून आजारी पडली की बाकीच्या जावा तिचा वाटा उचलतात ना, तसंच. घर चालू राहतं, बाहेरच्याला काही कळत नाही. पण जास्तीचं ओझं वाहून वाहून त्याही थकतात. अर्ध्याहून जास्त काम गेलं, तरी माणूस हिंडतं-फिरतं, भांगलायला जातं, लघवीही रोजच्यासारखी होते.

वय झालं की

तिशी-चाळिशीनंतर बहुतेक माणसांच्या किडनीची ताकद हळूहळू उतरत जाते. ढोबळ मानानं वर्षाला एक टक्का धरा. केस पिकतात, नजर अधू होते, तसंच हे. नुसत्या वयानं किडनी निकामी होते असं मात्र नाही. ऐंशीच्या कितीतरी आज्या आपल्या किडनीवर सुखानं जगतात.

पण म्हाताऱ्या माणसाजवळ राखीव शिल्लक कमी असते. तरण्याताठ्या माणसाला दोन दिवस जुलाब झाले तर तो सावरतो. सत्तरीतल्या आजीला त्याच जुलाबांनी किडनीचा झटका बसतो. त्यातून म्हातारपणी तहानच कमी लागते. अंगातलं पाणी आटलेलं असतं, पण घसा मागत नाही. वर बीपीची, शुगरची, गुडघ्याची, अशा चार-पाच गोळ्या पोटात असतात. म्हाताऱ्या पुरुषांचं आणखी एक असतं. लघवीच्या वाटेतली प्रोस्टेटची गाठ वाढून लघवी तुंबते, आणि ती मागं किडनीवर दाब देते. मामंजी रात्रीतून पाच वेळा उठत असतील, धार बारीक झाली असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका.

म्हणून ज्या घरात साठीच्या पुढचं माणूस आहे, तिथं उलटी-जुलाब-ताप आला की दोन गोष्टी लगेच करा. घोट-घोट पाणी आणि मिठा-साखरेचं पाणी किंवा ओआरएस चालू ठेवा. आणि डॉक्टरांना विचारा, 'बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यांपैकी कुठली दोन दिवस थांबवायची का?' काही गोळ्या अशा दिवसांत किडनीवर ताण आणतात. स्वतःच्या मनानं थांबवू नका, पण विचारायला लाजू नका.

शुगर आणि बीपी : दोघी सख्ख्या बहिणी

किडनीच्या गाळण्या म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचे गुंते. रक्तात वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की त्या वाहिन्यांच्या भिंती खराब होतात आणि गाळणीची भोकं मोठी होतात. मग जे अंगात राहायचं ते प्रथिन लघवीवाटे गळू लागतं. लघवीला दाट फेस येतो आणि बराच वेळ मोडत नाही, तो यानंच. पण फेस दिसायच्या कितीतरी आधी तपासणीत हे प्रथिन सापडतं. तेव्हा सापडलं तर पुष्कळ काही वाचवता येतं.

बीपीचं असं, की पाइपात पाण्याचा जोर जास्त झाला की ठिबकच्या बारीक नळ्या फुटतात. द्राक्षबागेवाल्यांना हे सांगायला नको. तसाच रक्ताचा जोर किडनीच्या बारीक वाहिन्यांना सोसत नाही. आणि किडनी बिघडली की ती उलट बीपी वाढवते. म्हणजे बीपीनं किडनी बिघडते आणि किडनीनं बीपी वाढतं. हे चक्र कुठंतरी तोडावं लागतं, आणि आपल्या हातात तोडायची जागा एकच आहे, ती म्हणजे बीपीची रोजची गोळी.

बायांसाठी आणखी एक. जिचं बाळंतपणात बीपी वाढलं होतं, झटके आले होते किंवा अंगावर सूज आली होती, तिला पुढं बीपीचा आणि किडनीचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. बाळंतपण झालं, पोर शाळेत गेलं, आपण विसरलो. डॉक्टरांना मात्र ते आठवणीनं सांगा आणि दरवर्षी बीपी बघा.

आपलं उलटं गणित

आता जरा आपल्याच पदराखाली बघू. आमच्या बैठकीत आम्ही विचारलं, 'बीपीची गोळी लिहून दिलेल्या कितीजणी ती रोज घेतात?' हात थोडे वर आले. बाकीच्या म्हणाल्या, 'चक्कर येत नाही, डोकं दुखत नाही, मग कशाला? रोज गोळी खाऊन किडनी खराब होते म्हणतात.' मग विचारलं, 'गुडघ्याची, कमरेची गोळी कितीजणी घेतात?' जवळजवळ सगळे हात वर.

बायांनो, हे गणित बरोबर उलटं आहे. बीपीची गोळी किडनी राखते. त्यातल्या काही गोळ्या तर डॉक्टर मुद्दाम किडनीसाठी देतात, लघवीतून गळणारं प्रथिन त्या कमी करतात. आणि दुखण्याच्या गोळ्या, म्हणजे डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असिक्लोफेनॅक, निमेसुलाइड या जातीच्या, किडनीकडं जाणारा रक्ताचा ओघ कमी करतात. एखाद्या दिवशी, तब्येत चांगली असताना, एखादी घेतली तर सहसा काही होत नाही. पण दिवसभर उन्हात भांगलण, पाणी कमी, त्यात शुगर-बीपी, आणि रोज एक गोळी, असं वर्षानुवर्षं चाललं तर किडनी सोसत नाही.

आपल्या गुडघ्यांना खोटं म्हणत नाही आम्ही. उसाची लागण, विरळणी, डोक्यावर ओझं, शेणकूर. दुखतं हे खरं आहे. पण गोळीच्या आधी शेक आहे, तेलमालीश आहे, मांडीचे व्यायाम आहेत, जमिनीवर उकिडवं बसायचं टाळणं आहे. गोळी घ्यायचीच झाली तर पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी, तीही डॉक्टरांना विचारून, सांगितली तेवढीच. दुकानात 'दुखण्याची एक द्या' एवढंच म्हणू नका. 'मला शुगर आहे, बीपी आहे, किडनीला चालणारी सांगा' असं तोंडानं बोला. कागदाच्या पुडीतल्या बिननावाच्या गोळ्या आणि कशाची बनवली ते न सांगता दिलेली भस्मं घेऊ नका. त्यात कधी दुखण्याचीच औषधं मिसळलेली असतात, कधी शिसं, पारा.

आडोसा नाही म्हणून पाणी नाही

दुसरी आपली सवय. रानात लघवीला आडोसा नाही, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. उन्हाळ्यात पाच-सहा तास कोरड्या घशानं काम. याला बायकांचा दोष कसा म्हणायचा? पण किंमत बायकाच देतात. लघवीची जळजळ, मूतखडा आणि आधीच अशक्त असलेल्या किडनीवर ताण. चार जणी एका रानात असतील तर जुन्या लुगड्याचा आडोसा बांधता येतो. मालकाला तसं सांगा, ती काही मेहेरबानी नाही. पाण्याची बाटली सोबत घ्या आणि तासाला चार घोट तरी प्या.

तिसरं मीठ. दिवसाला माणशी पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक लहान चमचा. यात भाजी, आमटी, भाकरी, लोणचं सगळं आलं. आपल्याकडं खर्डा, लोणचं, पापड, सांडगे, सुकट, फरसाण यातच तो चमचा संपतो. ताटात वरून मीठ वाढायचं बंद केलं तरी बीपीला फरक पडतो. आणि एक सावध राहायचं. बाजारात 'कमी सोडियमचं' म्हणून जे मीठ मिळतं, त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं. किडनी बिघडलेल्या माणसाला ते घातक ठरू शकतं, हृदयाचे ठोके बिघडतात. घरात किडनीचं दुखणं असेल तर ते आणू नका.

दोन तपासण्या आणि एक नंबर

गरोदरपणात आपली लघवी तपासली जायची. प्रथिन गळतंय का, ते बघायला. पोर झालं आणि तपासणी थांबली. खरं तर शुगर-बीपी असणाऱ्या प्रत्येकीला ती परत सुरू करायला हवी.

पहिली तपासणी लघवीची. प्रथिन, म्हणजे अल्ब्युमिन, जातं का? दुसरी रक्ताची, क्रिएटिनीन. क्रिएटिनीन ही स्नायूंतून रोज तयार होणारी घाण. किडनी ती काढते. रक्तात ती साठली म्हणजे किडनी कमी पडते.

पण नुसत्या क्रिएटिनीनवर विसंबू नका. आजीच्या अंगावर मांसच नसतं, त्यामुळं घाण मुळातच कमी तयार होते आणि आकडा चांगला दिसतो. समजा पंचवीस वर्षांच्या तरण्या पोराचं क्रिएटिनीन १.१ आलं आणि सत्तर वर्षांच्या आजीचंही १.१ च आलं. कागदावर दोघं सारखेच. पण वय आणि स्त्री-पुरुष हे धरून हिशेब केला, तर पोराची किडनी शंभरात साधारण ९५ काम करते आणि आजीची ५४ च्या आसपास. या हिशेबाला ईजीएफआर म्हणतात. लॅबला किंवा डॉक्टरांना विचारा, 'माझा ईजीएफआर किती?' नव्वदच्या वर असेल तर उत्तम. तीन महिन्यांच्या अंतरानं दोनदा साठच्या खाली आला, तर किडनीचं जुनं दुखणं आहे असं धरतात. पंधराच्या खाली गेला, तर किडनी निकामी होण्याच्या वाटेवर.

शुगर किंवा बीपी असेल, तर या दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा. साठीच्या पुढच्यांनी, घरात कुणाला किडनीचं दुखणं असलेल्यांनी आणि वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या घेतलेल्यांनीही डॉक्टरांना विचारून करून घ्याव्यात. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी आणि शुगर तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. आशाताई घरी येतात, उपकेंद्रात बोलावतात. 'आज भांगलण आहे' म्हणून त्यांना परत पाठवू नका. बीपी मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसा, अर्धा तास आधी चहा नको. शुगर किंवा किडनीचं दुखणं असेल तर बीपी १३०/८० च्या आसपास ठेवायचा प्रयत्न डॉक्टर करतात. आपला आकडा किती हवा, ते त्यांनाच विचारा.

मशीनची वाट आणि गावातली वाट

तपासणी राहून गेली तर पुढची वाट कुठं जाते, तेही बघू. किडनी निकामी झाली की डायलिसिस. हातातल्या शिरेतून रक्त मशीनमध्ये घ्यायचं, गाळायचं आणि परत अंगात सोडायचं. एका वेळेला साधारण चार तास, आठवड्यातून दोन-तीन वेळा. कुंडलच्या माणसानं किर्लोस्करवाडीहून मिरज गाठायचं, सोबत घरातलं एक माणूस, दोघांची मजुरी बुडणार. दर आठवड्याला, वर्षानुवर्षं.

या मशीनवर जगलेला एक मोठा माणूस आपल्या इतिहासात आहे. जयप्रकाश नारायण. १९४२ च्या चळवळीत हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून निसटलेले. त्याच चळवळीतून आपल्या भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. त्यातले जी. डी. बापू लाड आपल्या कुंडलचे. पुढं आणीबाणीत, १९७५ साली, जयप्रकाशजींना अटक झाली. तेव्हा ते ७२ वर्षांचे होते, अंगात मधुमेह होता. सुटून आले तेव्हा किडन्या गेल्या होत्या. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचं डायलिसिस सुरू झालं आणि १९७९ च्या ऑक्टोबरात ते गेले तोवर, जवळजवळ चार वर्षं, ते त्या मशीनच्या आधारानं जगले. देश हलवणारा माणूसही मशीनच्या वेळापत्रकाला बांधला गेला.

त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी एक डॉक्टर एम. के. मणी. या डॉक्टरांनी पुढं जे केलं, ते आपल्या कामाचं आहे. मशीन आणि ऑपरेशनं सगळ्यांना पुरणार नाहीत, हे त्यांना दिसत होतं. म्हणून त्यांनी चेन्नईजवळच्या खेड्यांत, किडनी हेल्प ट्रस्ट या संस्थेमार्फत, उलट्या टोकानं काम सुरू केलं. गावातल्याच शिकलेल्या मुली निवडल्या. त्यांना बीपी मोजायला शिकवलं. लघवीत औषधाचे थेंब टाकून बघायचं. लघवी गढूळ झाली तर प्रथिन जातंय. या मुली सुमारे पंचवीस हजार वस्तीत घरोघरी गेल्या. ज्यांना बीपी किंवा शुगर निघाली, त्यांना डॉक्टरांनी स्वस्तातल्या जुन्याच गोळ्या चालू केल्या आणि त्या चुकू नयेत म्हणून मुली पाठपुरावा करत राहिल्या. दर माणशी वर्षाचा खर्च अगदी थोडका. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं शेवटी भरवसा ठेवला तो गावातल्या मुलींवर. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगितली, कारण आपले बचत गट हे करू शकतात.

मशीन लागलंच तर घाबरून खचू नका. सरकारी रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ पासून आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही नोंदलेल्या रुग्णालयांत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. ज्या हातावर डायलिसिससाठी शीर तयार केली असेल, त्या हाताला बीपी मोजू देऊ नका, रक्त काढू देऊ नका, ओझं उचलू नका.

किडनी द्यायची कुणी?

दुसरा मार्ग किडनी बसवण्याचा. १९९४ च्या कायद्याप्रमाणे जवळचं नातेवाईक किडनी देऊ शकतं. मेंदू मृत झालेल्या माणसाचीही घेता येते. निरोगी माणूस एका किडनीवर नीट जगतो, त्यामुळं देण्यात पाप किंवा वाईट काही नाही.

पण आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आहेत, आणि बसवून घेणाऱ्यांत पुरुष कितीतरी जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते. तिला लागली, तर 'वय झालंय, आता कशाला' असं होतं. देणाऱ्या मायेला आमचा हात जोडून नमस्कार आहे. पण घरातल्या बाईची तपासणी, औषध, मशीन, किडनी हे सगळं तिच्याही हक्काचं आहे. मालकांची शुगर तपासायला तुम्ही सोबत जाता, तेव्हा तुमचाही हात पुढं करा.

तुमचे प्रश्न

लघवी साफ होते, मग किडनी चांगलीच ना? नाही. लघवी किती होते आणि ती किती घाण घेऊन जाते, या दोन वेगळ्या गोष्टी. पाणी येतं म्हणजे ते गाळलेलं आहे असं नाही.

भरपूर पाणी प्यायलं की किडनी धुतली जाते का? नाही. निरोगी माणसानं तहानेप्रमाणं, उन्हात जास्त प्यावं. पण पायावर सूज आहे, लघवी कमी होते, डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं आहे, अशांनी जास्त पाणी प्यायलं तर ते फुप्फुसात साचून दम लागतो.

किडनीचं दुखणं निघालं, आता डाळ, दूध, फळं सगळं बंद? सगळ्यांना एक पथ्य नसतं. सुरुवातीला मीठ कमी, बीपी-शुगर ताब्यात, एवढंच मुख्य. पुढच्या टप्प्यात पोटॅशियम वाढतं, तेव्हा शहाळं, केळी, मोसंबी यावर बंधन येतं. आपल्या रिपोर्टवरून डॉक्टर सांगतील तेवढंच बंद करा. उगाच उपाशी राहून अंग झिजवू नका.

डायलिसिस एकदा लागलं की कायमचं का? नेहमी नाही. जुलाबांनी पाणी आटून किंवा घोणस चावून अचानक किडनी बंद पडते, तेव्हा काही दिवस मशीन लागतं आणि किडनी पुष्कळदा परत चालू होते. म्हणून अशा वेळी मशीनला नकार देऊन घरी आणू नका. शुगर-बीपीनं हळूहळू गेलेली किडनी मात्र सहसा परत येत नाही.

आता गटाचं काम

पुढच्या बैठकीला हप्त्याच्या वहीत एक पान वेगळं काढा. प्रत्येकीचं नाव, घरातल्या साठीपुढच्या माणसाचं नाव. पुढं चार रकाने : बीपी, शुगर, लघवीतलं प्रथिन, ईजीएफआर. हप्ता भरताना हा आकडाही विचारायचा. जिचा रकाना मोकळा, तिच्यासोबत दोघींनी उपकेंद्रात जायचं. जिनं बीपीची गोळी सोडली, तिला रागवायचं नाही. का सोडली ते विचारायचं. गोळीनं खोकला येतो, पाय सुजतात, पैसे नाहीत, काय असेल ते. डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलून मिळते, सरकारी दवाखान्यात फुकटही मिळते. आणि कुणी 'माझी शुगर गेली' म्हणून पेढे घेऊन आली, तर पेढा हातात घ्या, पण तिला आधी क्रिएटिनीन करायला सांगा.

आत्या आता आठवड्यातून दोनदा मिरजेला जातात. मशीनवर पडल्या पडल्या शेजारच्या पलंगावरच्या बाईशी गप्पा मारतात, तिच्या सुनेला विचारतात, 'तुझं बीपी बघितलंस का गं?' आमच्या गटाच्या वहीतलं पहिलं नाव त्यांनीच घालायला लावलं. स्वतःचं नाही, सुनेचं. ताईंना शुगर निघाली, पण लघवीतलं प्रथिन अजून सुरू झालेलं नाही. वेळेत कळलं.

भेटू पुढच्या वेळी. तोवर पाणी प्या, आणि वहीतला रकाना मोकळा ठेवू नका.